डेटाबेसचा आराखडा आणि तो पाहण्याचा अधिकार

डेटाबेसमध्ये माहितीचे दोन थर असतात. वरच्या थरात ज्या कामासाठी डेटाबेस उभारला त्या कामाच्या नोंदी असतात: रुग्णांचे तपासणी अहवाल, खात्यांतील शिल्लक, विद्यार्थ्यांचे गुण. खालच्या थरात त्या नोंदींच्या रचनेची माहिती असते: कोणती टेबले आहेत, त्यांत कोणते कॉलम आहेत, प्रत्येक कॉलम कोणत्या प्रकारचा आहे, कोणते टेबल कोणाशी जोडलेले आहे. या खालच्या थराला स्कीमाचा मेटाडेटा म्हणतात. वरच्या थराची राखण बहुतेक संस्था मन लावून करतात. कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे हे ठरवून दिलेले असते. खालच्या थराबाबत मात्र असा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि डेटाबेस प्रणालीच्या निर्मात्यांनी जे मूळचे ठरवले असेल तेच चालू राहते.

या थराची व्याप्ती टेबलांच्या आणि कॉलमांच्या नावांपुरती नाही. व्ह्यूंची व्याख्या, स्टोअर्ड प्रोसीजर आणि ट्रिगर यांचा संपूर्ण मजकूर, कॉलमवर घातलेल्या अटी, मूळ किमती, इंडेक्स, पार्टिशन, टेबलांवर लिहिलेली टिपणे, वापरकर्त्यांची व रोलची नावे, कोणाला कोणती परवानगी आहे याची यादी, आणि क्वेरीचा मार्ग ठरवण्यासाठी प्रणालीने गोळा केलेली आकडेवारी हे सारे मेटाडेटातच मोडते. यातले काही निरुपद्रवी असते, तर काही मूळ नोंदींइतकेच नाजूक. म्हणून मेटाडेटा सरसकट उघडा ठेवणे जितके चुकीचे, तितकेच तो सरसकट झाकू पाहणेही चुकीचे. कोणता भाग कोणाला कशासाठी लागतो हे ठरवणे, हा या विषयाचा गाभा आहे.

आराखडा डेटाबेसमध्येच का असतो

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. त्याआधीच्या प्रणालींत माहितीची रचना प्रोग्रामच्या पोटात दडलेली असे. फाइल कशी वाचायची हे ती वाचणाऱ्या प्रोग्रामलाच ठाऊक. कॉड यांच्या मांडणीत रचना प्रोग्रामपासून सुटी झाली, आणि ती कुठेतरी नोंदवून ठेवणे भाग पडले. आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत सत्तरच्या दशकात घडलेल्या सिस्टिम आर या प्रणालीने ही नोंद टेबलांतच ठेवली. टेबलांची यादी हेही एक टेबल, कॉलमांची यादी हेही एक टेबल. ज्या भाषेत नोंदी विचारायच्या त्याच भाषेत रचनाही विचारता येऊ लागली. परवानग्या देण्याची आणि काढून घेण्याची ग्रँट व रिव्होक ही यंत्रणाही याच प्रकल्पात आकाराला आली. तिचे विवेचन पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांच्या १९७६ च्या लेखात आहे.

पुढे १९८५ मध्ये कॉड यांनी रिलेशनल म्हणवणाऱ्या प्रणालींसाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांतला चौथा नियम रचनेच्या याच नोंदीविषयी, म्हणजे कॅटलॉगविषयी, आहे. डेटाबेसचे वर्णन साध्या डेटासारखेच मांडलेले असावे आणि अधिकृत वापरकर्त्यांना ते त्याच भाषेत विचारता यावे, असा त्याचा आशय. यातली 'अधिकृत' ही अट नजरेतून सुटते. वर्णन विचारता यावे, पण ज्याला अधिकार आहे त्याला, एवढे त्या नियमात आधीपासूनच होते.

एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकाने हा विचार पक्का केला. त्यात इन्फर्मेशन_स्कीमा नावाचा व्ह्यूंचा संच ठरवून देण्यात आला. हे व्ह्यू वापरकर्त्याला ज्या वस्तूंवर काही ना काही अधिकार आहे तेवढ्याच दाखवतात. त्यांच्यामागे संपूर्ण वर्णनाची मूळ टेबले कल्पिलेली आहेत, पण ती थेट विचारण्यासाठी नाहीत. म्हणजे मानकाच्या दृष्टीने आराखडा प्रत्येकाला आपल्या अधिकाराच्या चाळणीतूनच दिसायला हवा. प्रत्यक्षातील प्रणाली मात्र मानक येण्याआधीच बाजारात रुळल्या होत्या आणि प्रत्येकीचा स्वतःचा कॅटलॉग होता. आजचे बरेचसे फरक त्या जुन्या घडणीतून आलेले आहेत.

आराखड्यातून काय कळते

आराखडा झाकण्याची कारणे तीन आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिले कारण हल्ल्याच्या तयारीचे. एसक्यूएल इंजेक्शनची जाहीर चर्चा १९९८ मध्ये फ्रॅक या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात झाली. तेव्हापासून या हल्ल्याचा ठरावीक क्रम आहे. वेबसाइटवरील एखाद्या चौकटीतून क्वेरीत स्वतःचा तुकडा घुसवता येतो हे कळले, की हल्लेखोर आधी टेबलांची यादी मागतो, मग कॉलमांची, आणि शेवटी हव्या त्या कॉलममधील नोंदी. पहिल्या दोन पायऱ्या मेटाडेटावर उभ्या आहेत. यादी मिळाली नाही तर नावांचा अंदाज बांधत बसावे लागते. त्यात वेळ जातो, चुकीच्या क्वेरींचा गोंगाट लॉगमध्ये उमटतो आणि सुगावा लागण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण नावांतूनच फुटणाऱ्या माहितीचे. रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये एखाद्या विशिष्ट आजाराच्या समुपदेशनाचे टेबल आहे, एवढे कळले तरी तिथे कोणत्या नोंदी ठेवल्या जातात ते उघड होते. कंपनीच्या डेटाबेसमध्ये पार्टिशनना ग्राहकांची नावे दिलेली असतील, तर नुसत्या यादीवरून ग्राहकवर्ग समजतो. अजून जाहीर न झालेल्या योजनेच्या नावाचे टेबल ती योजना फोडते. सवलत अमुक टक्क्यांपुढे जाऊ नये अशी अट कॉलमवर असेल, तर सौदा करणाऱ्या समोरच्या पक्षासाठी ती अट म्हणजे हातात पडलेला आकडाच. प्रोसीजरच्या मजकुरात तर व्यवसायाचे नियमच्या नियम लिहिलेले असतात. कर्ज कोणत्या निकषांवर नाकारायचे, जोखमीचे गुण कसे काढायचे हे तिथे सरळ वाचता येते.

तिसरे कारण एकाच डेटाबेसवर अनेकांचा वावर. सॉफ्टवेअर भाड्याने पुरवणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर ठेवतात. अशा ग्राहकाला अहवाल काढण्यासाठी थेट लॉगिन दिले, तर शेजारच्या ग्राहकाची नोंद त्याला दिसणार नाही, पण शेजारी कोण आहे हे दिसू शकते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सर्व विद्यार्थी एकाच सर्व्हरवर काम करत असतील, तर एकाची टेबले दुसऱ्याला दिसणे तितके गंभीर नसते. जोखीम ठिकाणानुसार बदलते, म्हणून उत्तरही एकच असू शकत नाही.

भारतात वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्यांवर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची जबाबदारी टाकतो आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. डेटाबेसचा आराखडा म्हणजे वैयक्तिक माहिती नव्हे. पण ती माहिती कुठे आहे हे दाखवणारा तो नकाशा आहे. संरक्षणाचा हिशेब मांडताना त्याला बाजूला ठेवता येत नाही.

लपवण्याचा भरवसा किती

या विषयावर एक रास्त आक्षेप नेहमी घेतला जातो. जे संरक्षण गुप्ततेवर टेकलेले असते ते गुप्तता फुटताच कोसळते, असा तो आक्षेप. ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना हे तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे सांगितली. त्यांतही रचना खुली असावी हे एक तत्त्व आहे.

पण त्याच यादीत दुसरेही एक तत्त्व आहे: प्रत्येकाला आपल्या कामापुरताच अधिकार असावा. ही दोन तत्त्वे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. डेटाबेसची सुरक्षितता आराखडा गुप्त राहण्यावर अवलंबून असता कामा नये, हे खरे. आराखडा सर्वांना माहीत आहे असे धरूनच परवानग्या आखल्या पाहिजेत. एवढे झाल्यावर, ज्याला तो भाग लागत नाही त्याला तो न दाखवणे ही दुसरी भिंत ठरते. पहिली भिंत न बांधता दुसरीवर विसंबणे घातक. पहिली भक्कम असताना दुसरी बांधणे शहाणपणाचे.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंजेक्शनचा हल्ला होतो तो ॲप्लिकेशनच्याच लॉगिनमधून. त्या लॉगिनला ज्या टेबलांवर अधिकार आहे ती टेबले, चाळणी लावलेल्या कॅटलॉगमध्येही, हल्लेखोराला दिसणारच. संपूर्ण ॲप्लिकेशन एकाच सर्वाधिकारी लॉगिनवर चालत असेल, तर मेटाडेटा झाकून काहीच हाती लागत नाही. म्हणून आराखड्यावरील नियंत्रण डेटावरील नियंत्रणाच्या मागून येते. परवानग्या जितक्या नेमक्या, तितका आराखड्याचा दिसणारा भाग आपोआप आखूड होतो.

निरनिराळ्या प्रणालींचे मार्ग

ओरॅकलने कॅटलॉगची विभागणी व्ह्यूंच्या नावांतूनच केली आहे. यूजर_ ने सुरू होणारे व्ह्यू स्वतःच्या वस्तू दाखवतात, ऑल_ ने सुरू होणारे आपल्याला अधिकार असलेल्या सर्व वस्तू, आणि डीबीए_ ने सुरू होणारे संपूर्ण डेटाबेस. शेवटचा संच पाहायला वेगळी परवानगी किंवा रोल लागतो. एखाद्या वापरकर्त्याने अधिकार नसलेल्या टेबलावर क्वेरी चालवली तर ओरॅकल पूर्वापार ००९४२ क्रमांकाची चूक देते: टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. टेबल खरोखर नसले तरी तोच संदेश. त्यामुळे 'नाही' आणि 'मनाई' यांतला फरक बाहेर कळत नाही. पण पूर्ण पडदा इथेही नाही. ऑल_यूजर्स हा व्ह्यू सर्व वापरकर्त्यांची नावे कोणालाही दाखवतो. स्वतंत्र प्रोसीजर चालवण्याचा अधिकार दिला की तिचा मजकूरही दिसतो. तीच प्रोसीजर पॅकेजमध्ये बसवली तर मात्र बाहेरची घोषणा तेवढी दिसते, आतला मजकूर दिसत नाही. म्हणून ओरॅकलवर काम करणारे नाजूक नियम पॅकेजमध्ये ठेवतात.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसमध्ये प्रवेश असलेल्या कोणालाही तिथल्या सर्व वस्तूंची यादी दिसत असे. त्या आवृत्तीने नियम उलटवला: ज्या वस्तूवर काही अधिकार नाही ती कॅटलॉगमध्ये दिसणार नाही. त्याबरोबर व्ह्यू डेफिनिशन ही वेगळी परवानगी आली. तिच्यामुळे डेटा न दाखवता केवळ रचना दाखवता येते. लेखापरीक्षकाला किंवा दस्तऐवज लिहिणाऱ्याला नेमके हेच लागते. २०२२ च्या आवृत्तीने तिचे आणखी तुकडे केले आणि सुरक्षेच्या रचनेची माहिती पाहण्याची परवानगी निराळी केली. सर्व्हरवरील डेटाबेसांची नावे मात्र मूळ मांडणीत प्रत्येक लॉगिनला दिसतात. ती झाकायची तर व्ह्यू एनी डेटाबेस ही परवानगी मुद्दाम काढावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन_स्कीमा २००५ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर आला आणि तो परवानगीनुसार गाळून दाखवतो. डेटाबेसांची यादी पाहण्यासाठी शो डेटाबेसेस ही स्वतंत्र परवानगी आहे. ती नसेल तर ज्या डेटाबेसवर काही अधिकार आहे तेवढेच दिसतात. व्ह्यूची व्याख्या वाचायलाही वेगळी परवानगी लागते. २०१८ च्या ८.० आवृत्तीत टेबलांची वर्णने सुट्या फाइलींतून काढून प्रणालीच्या अंतर्गत टेबलांत ठेवण्यात आली, आणि ती टेबले थेट वाचता येत नाहीत. या तिघांत मानकाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ असलेली ही रचना.

एसक्यूलाइटमध्ये वापरकर्ता ही संकल्पनाच नाही. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये असतो आणि ती फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती आराखडाही. मोबाइल ॲपमध्ये अशी फाइल ठेवणाऱ्याने आराखडा जाहीर आहे असेच धरून चालावे.

पोस्टग्रेसचा खुला कॅटलॉग

या प्रश्नाची सर्व अंगे एकत्र पाहायची तर पोस्टग्रेसक्यूएलइतके चांगले उदाहरण नाही. पोस्टग्रेसचे मूळ कॅटलॉग पीजी_कॅटलॉग या स्कीमात असतात. टेबलांची यादी पीजी_क्लासमध्ये, कॉलमांची पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये, फंक्शनची पीजी_प्रॉकमध्ये. डेटाबेसशी जोडला गेलेला कोणीही ते वाचू शकतो, त्याला एकाही टेबलावर अधिकार नसला तरी. स्कीमावरील युसेज ही परवानगी काढून घेतली तर आतल्या टेबलांना हात लावता येत नाही, पण त्यांची नावे दिसतच राहतात. पोस्टग्रेसची अधिकृत नियमावली हे स्पष्ट सांगते. टेबलांवर लिहिलेल्या टिपणांबाबतही तिचा इशारा असाच आहे: ती कोणालाही वाचता येतात, म्हणून त्यांत संवेदनशील मजकूर लिहू नये.

काही भाग मात्र बंद आहे. पासवर्डचे हॅश ज्या पीजी_ऑथआयडीमध्ये असतात तो सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. त्याच्या जागी पीजी_रोल्स हा व्ह्यू आहे आणि त्यात पासवर्डच्या ठिकाणी तारका दिसतात. आकडेवारीचे मूळ टेबलही बंद आहे. दुसऱ्याच्या सत्रात सध्या कोणती क्वेरी चालू आहे तेही दिसत नाही. जोडीला २००३ च्या ७.४ आवृत्तीपासून मानकानुसार गाळलेला इन्फर्मेशन_स्कीमा आहे. अडचण एवढीच, की चाळणी लावलेल्या दारापाशी चाळणी नसलेले दुसरे दार उघडे आहे.

ते दुसरे दार बंद करण्याचा मोह साहजिक आहे. सुपरयूजरने पीजी_क्लास आणि सोबतच्या टेबलांवरील सर्वांची वाचनाची परवानगी काढून घेतली तर नोंदींवरील साध्या क्वेरी चालूच राहतात, कारण प्रणाली स्वतः कॅटलॉग वाचताना ही परवानगी तपासत नाही. इन्फर्मेशन_स्कीमाचे व्ह्यूही चालतात, कारण ते मालकाच्या अधिकाराने वाचतात. पण पीएसक्यूएल या साधनातील रचना दाखवणाऱ्या आज्ञा बंद पडतात, पीजीॲडमिनसारखी साधने अडखळतात, काही ड्रायव्हरना डेटाचे प्रकार ओळखता येत नाहीत, आणि सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या टेबलांचा बॅकअपही घेता येत नाही. शिवाय हे काम प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळे करावे लागते, कारण हे कॅटलॉग डेटाबेसागणिक स्वतंत्र असतात. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सेवेत तर ग्राहकाला सुपरयूजरचा अधिकारच सहसा मिळत नाही.

आणि इतके करूनही पडदा पूर्ण होत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक वस्तूला अंतर्गत क्रमांक असतो. तो क्रमांक रेगक्लास या प्रकारात बदलला की प्रणाली त्या वस्तूचे नाव परत देते, आणि हे करताना पीजी_क्लासवरील परवानगी पाहत नाही. एकामागून एक क्रमांक तपासत गेले तर यादी पुन्हा उभी करता येते. कॅटलॉगवरील परवानगी काढणे हा उपाय म्हणून उपयोगी पडतो तो मर्यादित जागी. उदाहरणार्थ, फंक्शनचा मजकूर असलेला कॉलम वगळून पीजी_प्रॉकचे बाकीचे कॉलम खुले ठेवायचे आणि मजकूर परत देणारी फंक्शनेही बंद करायची. त्यातही साधने तपासून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

पोस्टग्रेसमध्ये खरी सीमा डेटाबेसची आहे. एका डेटाबेसशी जोडलेल्या सत्राला दुसऱ्या डेटाबेसचा पीजी_क्लास दिसत नाही. म्हणून ज्या ग्राहकांना थेट लॉगिन द्यायचे त्यांना वेगवेगळ्या स्कीमांत ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या डेटाबेसांत ठेवणे आणि जोडणीची परवानगी, जी मुळात सर्वांना असते, ती प्रत्येक डेटाबेसवर आवळणे हा भरवशाचा मार्ग आहे. तरीही डेटाबेसांची आणि रोलची नावे संपूर्ण क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरने सांभाळलेल्या सर्व डेटाबेसांत, सामायिक असल्याने दिसतात. ती नावे ग्राहकाच्या नावावरून न देता अर्थहीन संकेतांनी द्यावीत. तेवढेही दिसता कामा नये अशी गरज असेल, तर प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र क्लस्टर हाच मार्ग उरतो.

आडवाटा

आराखडा केवळ कॅटलॉगमधून कळतो असे नाही. चुकांचे संदेश ही सर्वांत रुळलेली आडवाट. पोस्टग्रेस अधिकार नसलेल्या टेबलासाठी परवानगी नाकारल्याचा संदेश देते आणि नसलेल्या टेबलासाठी ते नसल्याचा. या फरकावरून अस्तित्व कळते. एकच किंमत दोनदा घालू पाहिली तर येणाऱ्या संदेशात कॉलमचे नाव, अटीचे नाव आणि ती किंमतही असते. डेटाबेसचा कच्चा संदेश ॲप्लिकेशनने जसाच्या तसा पडद्यावर दाखवला, तर कॅटलॉगवर घातलेले सारे निर्बंध तिथेच निष्फळ होतात. संदेश लॉगमध्ये जावा आणि वापरकर्त्याला साधे वाक्य दिसावे, हा नियम म्हणूनच पहिल्या उपायांत मोडतो.

आकडेवारी ही दुसरी आणि जास्त धोक्याची वाट. क्वेरीचा मार्ग आखण्यासाठी प्रणाली प्रत्येक कॉलममधील वारंवार येणाऱ्या किमतींची यादी ठेवते. ही यादी नावाला मेटाडेटा असली तरी तिच्यात प्रत्यक्ष नोंदींतल्या किमती असतात. पोस्टग्रेसने ती पीजी_स्टॅट्स या गाळलेल्या व्ह्यूमागे ठेवली, तरी २०१७ च्या मे महिन्यात तिच्यातील एक फट बुजवावी लागली: क्वेरीचा अंदाज बांधणारी अंतर्गत फंक्शने वाचनाचा अधिकार न तपासता ही आकडेवारी वापरत होती आणि स्वतःचा ऑपरेटर लिहून ती बाहेर काढता येत होती. त्याच वेळी दुसरी फटही बुजवण्यात आली. बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करण्याचे पासवर्ड एका मेटाडेटा व्ह्यूमधून अधिकार नसलेल्यांना दिसू शकत होते. कॅटलॉगमध्ये काय काय साठत जाते याचा हिशेब निर्मात्यांनाही सतत ठेवावा लागतो, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

डेटाबेसच्या बाहेरही आराखडा पसरलेला असतो. स्कीमा बदलण्याच्या स्क्रिप्ट कोड रिपॉझिटरीत असतात, आराखड्याची चित्रे संस्थेच्या दस्तऐवजांत असतात, बॅकअप फाइलींत संपूर्ण रचना असते. ग्राफक्यूएलवर चालणारी सेवा विचारणाऱ्याला स्वतःची सर्व रचना सांगू शकते. ही सोय प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर बंद ठेवण्याचा प्रघात याच कारणाने पडला. डेटाबेसमध्ये काटेकोर राहून बाहेर सैल राहिले तर सगळे कष्ट वाया जातात.

नियंत्रणाची आखणी

आखणीची सुरुवात माणसांपासून आणि कामांपासून होते, आज्ञांपासून नाही. टेबलांचा मालक असलेला रोल, स्कीमात बदल करणारा रोल, ॲप्लिकेशनचा रोल, अहवाल वाचणाऱ्यांचा रोल आणि देखरेख करणारा रोल असे किमान पाच वेगळे काढले, की कोणाला कोणता आराखडा लागतो हे स्पष्ट होऊ लागते. बदल करणाऱ्याला सर्व रचना दिसलीच पाहिजे. ॲप्लिकेशनला आपल्या टेबलांपुरती. अहवाल वाचणाऱ्याला मूळ टेबलांची गरजच नसते; त्याच्यासाठी वेगळ्या स्कीमात समजतील अशा नावांचे व्ह्यू करून द्यावेत आणि अधिकार तेवढ्यांवरच द्यावा. त्याच्या कामाचा आराखडा तोच. असा व्ह्यूंचा किंवा प्रोसीजरांचा मधला थर उभारला की मूळ टेबलांची रचना बदलली तरी बाहेरच्यांचे काम अडत नाही. हा फायदा सुरक्षिततेहून वेगळा आणि तितकाच मोलाचा आहे.

नावांची शिस्त हा बिनखर्चाचा उपाय. टेबलांच्या, पार्टिशनच्या आणि डेटाबेसांच्या नावांत ग्राहकाचे नाव, व्यक्तीचे नाव किंवा जाहीर न झालेला बेत येऊ नये. याचा अर्थ सगळी नावे दुर्बोध करावीत असा मात्र नाही. कॉलमला टी१, सी७ अशी नावे देऊन हल्लेखोर फार काळ फसत नाही. नव्याने आलेला सहकारी मात्र महिनोन् महिने चाचपडत राहतो आणि त्यातून चुका होतात. टिपणांत आणि फंक्शनच्या मजकुरात पासवर्ड किंवा किल्ल्या कधीही लिहू नयेत. प्रोसीजरचा मजकूर गुप्त ठेवण्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो गुंतागुंतीचा करून ठेवण्याची सोय आहे आणि ओरॅकलमध्येही तशीच आहे, पण हे कुलूप नव्हे. प्रशासकाचे अधिकार असलेला माणूस तो मजकूर उलगडू शकतो.

या नियंत्रणाची किंमतही मोजावी लागते. जेडीबीसी आणि ओडीबीसी या मार्गांनी जोडणारी साधने टेबलांची आणि कॉलमांची यादी मागतात, ओआरएम लायब्ररी सुरुवातीला रचना जुळते का ते पाहतात, अहवालाची साधने वापरकर्त्यापुढे टेबलांची निवड ठेवतात. यादी बंद झाली की यातले काय मोडेल हे आधी चाचणीच्या सर्व्हरवर पाहावे. विकसकांपासून आराखडा लपवणे तर बहुधा तोट्याचेच. ज्याला आराखडा समजत नाही तो चुकीच्या जोडण्या करतो, तीच माहिती दुसऱ्या टेबलात पुन्हा साठवतो आणि अखेर जास्त अधिकार मागून घेतो. त्यांना प्रत्यक्ष नोंदी नसलेल्या डेटाबेसमध्ये पूर्ण रचना खुली द्यावी आणि प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर हात आखडता घ्यावा.

शेवटचा भाग पडताळणीचा. परवानग्यांची यादी कागदावर वाचून समाधान मानता येत नाही. प्रत्येक रोलने प्रत्यक्ष लॉगिन करून काय दिसते ते पाहावे लागते: इन्फर्मेशन_स्कीमात काय येते, प्रणालीच्या मूळ कॅटलॉगमध्ये काय येते, नसलेल्या आणि मनाई असलेल्या टेबलांना कोणते संदेश मिळतात, डेटाबेसांची आणि रोलची नावे दिसतात का. या तपासण्या स्क्रिप्टमध्ये बांधून प्रत्येक बदलानंतर चालवाव्यात, कारण नवे टेबल, नवे फंक्शन किंवा प्रणालीची नवी आवृत्ती जुनी आखणी नकळत बदलून टाकते. पोस्टग्रेसच्या २०२२ च्या १५ व्या आवृत्तीने पब्लिक स्कीमात काहीही निर्माण करण्याचा सर्वांचा मूळ अधिकार काढून टाकला, पण जुने डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेताना पूर्वीचा अधिकार तसाच राहू शकतो. मूळ मांडणी काय आहे आणि आपल्या सर्व्हरवर प्रत्यक्षात काय आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

कामाचा क्रम एकदा लक्षात आला की विषयाचा अवघडपणा कमी होतो. आधी डेटावरील परवानग्या नेमक्या कराव्यात, मग ॲप्लिकेशनमधील इंजेक्शनच्या वाटा आणि बोलके संदेश बंद करावेत, त्यानंतर एकमेकांना दिसू नयेत असे गट डेटाबेस किंवा क्लस्टरच्या सीमेने वेगळे करावेत, आणि सर्वांत शेवटी, खरोखर उरलेल्या गरजेपुरते, कॅटलॉगवरील अधिकार आवळावेत. हा क्रम उलटा केला तर श्रम जास्त लागतात आणि संरक्षण कमी मिळते. सरळ पाळला तर बहुतेक ठिकाणी चौथ्या पायरीची गरज थोडीच उरते.